इंग्रजीतील सामान्य क्रियापदांची अनेकार्थता : एका कोशगत प्रश्नाचा इतिहास

१

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच वर्षी जी क्रियापदे येतात ती बहुतेक सारी एकावयवी व उच्चारास सुलभ अशी असतात. 'गो', 'कम', 'गेट', 'गिव्ह', 'टेक', 'पुट', 'सेट', 'रन', 'मेक' ही त्यांतील ठळक होत. क्रमिक पुस्तकांत त्यांची गणना सोप्या शब्दांत केलेली असते व प्रत्येकापुढे एकेक मराठी प्रतिशब्द दिलेला असतो. 'टेक' म्हणजे घेणे, 'रन' म्हणजे धावणे, 'पुट' म्हणजे ठेवणे. परंतु एखादा मोठा इंग्रजी कोश उघडून पाहिला तर याच शब्दांनी कोशातील सर्वाधिक जागा व्यापल्याचे दृष्टीस पडते. लॅटिनमधून आलेले दीर्घ व दुर्बोध वाटणारे शब्द तीन-चार ओळींत आटोपतात. 'सेट' वा 'रन' यांसारख्या शब्दांस मात्र पानेच्या पाने लागतात. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे विवरण सुमारे ६०,००० शब्दांचे आहे व त्यात केवळ मूळ क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ वेगळे केलेले आहेत. त्याच कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असता २०११ साली 'रन' या क्रियापदाची नोंद सिद्ध झाली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ नोंदविले गेले.

जे शब्द सर्वांत सोपे म्हणून शिकविले जातात तेच कोशकारास सर्वांत अवघड का व्हावेत? हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. एका शब्दाचे सहाशे अर्थ असतात, या विधानाचा अर्थ तरी काय? हे अर्थ शब्दात असतात, शब्दाच्या इतिहासात असतात, की त्याच्या सभोवतालच्या वाक्यात असतात? इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांनी गेल्या अडीचशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कोशरचनेची व अध्यापनाची पद्धतीही पालटत गेली. त्या उत्तरांचा क्रम लावणे व परभाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांचे मोल ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम या क्रियापदांच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. ती सर्व एकाच मार्गाने बह्वर्थी झालेली नाहीत.

'टेक' हा शब्द मुळात इंग्रजी नव्हेच. प्राचीन इंग्रजीत घेणे या अर्थी 'निमन्' हे क्रियापद होते. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसाहती केल्या. त्यांच्या स्कँडिनेव्हियन भाषेतील 'टाका' हे क्रियापद अकराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागते आणि पुढील काही शतकांत 'निमन्'ला हळूहळू पदच्युत करते. आज 'निमन्'ची खूण 'नम' म्हणजे बधिर या विशेषणात उरली आहे. ज्याची संवेदना 'घेतली' गेली तो बधिर, असा त्याचा मूळ भाव. 'टेक'च्या मूळ धातूचा अर्थ हात लावणे, स्पर्श करणे असा असावा असे गॉथिक भाषेतील सजातीय शब्दावरून दिसते. हात लावण्यापासून पकडणे, पकडण्यापासून स्वीकारणे, नेणे, समजणे, मानणे अशी त्याची वाटचाल झाली. 'गेट' हाही त्याच स्कँडिनेव्हियन उगमाचा. प्राप्त करणे या अर्थाने तो आला. पुढे एखादे ठिकाण 'प्राप्त करणे' म्हणजे तेथे पोहोचणे, एखादी अवस्था 'प्राप्त करणे' म्हणजे तसे होणे, अशी त्याची कक्षा वाढली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून तर तो कर्मणी रचनेत साहाय्यक क्रियापदाचेही कार्य करू लागला.

'सेट'चा प्रकार निराळा आहे. बसणे या अर्थाच्या 'सिट' या क्रियापदाचे हे प्रयोजक रूप. आपल्या 'बसणे' व 'बसवणे' या जोडीशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. मोडलेले हाड आपण 'बसवतो', इंग्रज ते 'सेट' करतो. अंगठीत खडा आपण 'बसवतो', तेथेही 'सेट'च येतो. परंतु पुढे त्याला अकर्मक अर्थही प्राप्त झाले. सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो, सिमेंट 'सेट' होते म्हणजे घट्ट होते. त्यातच नाम म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'सेट' या शब्दात फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन 'सेक्टा' हा एक सर्वस्वी भिन्न शब्दही मिसळून गेला. दोन कुळांचे शब्द एका रूपात आले की कोणता अर्थ कोणाचा हे सांगणे कठीण होते.

'रन'मध्येही असाच संगम आहे. धावणे या अर्थाचे अकर्मक क्रियापद व धावविणे या अर्थाचे प्रयोजक क्रियापद ही जुन्या इंग्रजीत रूपाने वेगळी होती, ती पुढे एक झाली. त्यामुळे घोडा 'रन' करतो आणि मालक दुकानही 'रन' करतो.

या सर्वांच्या जोडीला आणखी एक स्थित्यंतर घडले. प्राचीन इंग्रजीत क्रियापदास अर्थविशेष देणारे अव्यय बहुधा त्याच्या आधी जोडले जाई. 'फर्गिव्ह', 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' हे त्या पद्धतीचे आजवर टिकलेले अवशेष होत. मध्ययुगीन इंग्रजीत ही पद्धत क्षीण झाली व अव्यय क्रियापदानंतर सुटे येऊ लागले. बाराव्या शतकातील पीटरबरो इतिवृत्तात 'गिव्ह अप' ही जोडी, किल्ले स्वाधीन करणे या संदर्भात, आढळते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच व लॅटिन शब्दांचा जो लोंढा आला त्यामुळे इंग्रजीत एकाच क्रियेसाठी दोन थर निर्माण झाले. आत जाण्यास 'गो इन' व 'एन्टर', सोसण्यास 'पुट अप विथ' व 'टॉलरेट', विझविण्यास 'पुट आउट' व 'एक्स्टिंग्विश'. पहिला थर बोलण्यातला व घरगुती, दुसरा लेखनातला व विद्वन्मान्य. पुढील विवेचनात या दुहेरी थराचे महत्त्व स्पष्ट होईल.

३

या क्रियापदांच्या स्वैरतेची स्पष्ट तक्रार सॅम्युएल जॉन्सनने केली. त्याचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४२,७७३ शब्द होते. त्यापूर्वी १७४७ साली त्याने आपली योजना प्रसिद्ध केली होती. तीत प्रत्येक शब्दाचे अर्थ मूळ अर्थ, त्यातून निघालेला अर्थ व लाक्षणिक अर्थ अशा क्रमाने मांडावयाचे त्याने ठरविले होते. 'अराइव्ह' हे त्याचे उदाहरण. मुळात किनाऱ्याला लागणे, मग कोठेही पोहोचणे, मग इच्छित वस्तू वा पद मिळविणे. ही शिडी मोठी सुरेख आहे. परंतु 'अराइव्ह' हा लॅटिन कुळातील, लेखनात रुळलेला शब्द होता. 'टेक', 'पुट', 'सेट' यांच्यावर हीच शिडी लावू जाता ती टिकेना. 'टेक' या एकाच क्रियापदाखाली शंभराहून अधिक अर्थ क्रमांक घालून द्यावे लागले.

आपल्या प्रस्तावनेत जॉन्सनने अशा क्रियापदांची यादीच दिली आहे. त्यांचा वापर इतका शिथिल व अर्थ मूळ कल्पनेपासून इतके दूर गेलेले आहेत की त्यांचा माग काढणे जवळजवळ अशक्य आहे, असा त्याचा अभिप्राय होता. मूळ कल्पनेच्या एकाच वेळी अनेक शाखा फुटल्या असता त्यांना एका ओळीत उभे कसे करावयाचे, ही त्याची अडचण होती, आणि ती केवळ व्यावहारिक नव्हती. छापील पान एका दिशेने वाचले जाते, अर्थ मात्र अनेक दिशांनी पसरतात. क्रियापदापुढे अव्यय येऊन बनणाऱ्या जोड्यांकडेही त्याने लक्ष वेधले व परकीयांस इंग्रजीत सर्वांत अधिक अडचण याच जोड्यांची होते असे नमूद केले. यापुढील दोन शतकांच्या चर्चेचे बीज या प्रस्तावनेत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि जॉन्सनच्या दृष्टीने अनेकार्थता हा भाषेचा एक दोष होता, अंगी लागलेली शिथिलता होती.

४

एकोणिसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. १८५७ साली रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच याने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तत्कालीन इंग्रजी कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नसून इतिहासकार होय, हा त्यांचा गाभा होता. याच प्रेरणेतून ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा जन्म झाला. जेम्स मरे याने १८७९ साली संपादनाचा भार स्वीकारला, पहिला भाग १८८४ साली निघाला व शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ साली व त्याचा सहसंपादक हेन्री ब्रॅडली १९२३ साली निवर्तला. पूर्ण झालेल्या कोशात ४,१४,८२५ शब्द व १८,२७,३०६ अवतरणे होती.

या कोशाची भूमिका अशी की, शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचे चरित्र. प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे द्यावयाची, जुना अर्थ आधी व नवा नंतर. जेथे शाखा फुटतात तेथे रोमन अंकांनी मोठे विभाग पाडावयाचे व त्यांच्या पोटात क्रमवार अर्थ द्यावयाचे. जॉन्सनला जी शाखांची अडचण भेडसावत होती तिला येथे वंशवृक्षाचे रूप मिळाले. अनेकार्थता ही शिथिलता नसून वाढ आहे, हे या पद्धतीने सिद्ध केले. १८९७ साली फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल याने या घटनेस 'पॉलिसेमी' असे नाव दिले. शब्दाला नवा अर्थ मिळाला तरी जुना मरत नाही, दोन्ही शेजारी नांदतात, आणि तरीही श्रोत्याचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ नको असलेला अर्थ मनात येऊच देत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

ऐतिहासिक पद्धतीचे श्रेय मोठे आहे. परंतु तिची एक मर्यादाही आहे. अर्थ कोठून आला हे ती सांगते. आज बोलणारा मनुष्य तो कसा ओळखतो हे ती सांगत नाही. 'टेक' मुळात स्पर्शवाचक होता हे आजच्या इंग्रजास ठाऊक नसते, आणि तरीही त्या क्रियापदाच्या वापरात तो चुकत नाही. शिवाय अवतरणांची संख्या वाढली की अर्थांची संख्याही वाढू लागते. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'चा विक्रम होता, सुधारणेच्या ओघात तो २००० साली 'मेक'ने, २००७ साली 'पुट'ने व २०११ साली 'रन'ने मोडला. 'रन'ची नोंद सिद्ध करण्यास पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. वाढ शब्दाच्या अर्थांत झाली की विभाजनाच्या बारकाईत, हा प्रश्न येथे उभा राहतोच.

५

या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर दिले ते सी. के. ऑग्डेन याने. आय. ए. रिचर्ड्स याच्यासह अर्थमीमांसेवरील आपला ग्रंथ सिद्ध करीत असता, कोणत्याही शब्दाची व्याख्या करू जाता तेच ते थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात, असे त्याच्या ध्यानात आले. तो ग्रंथ १९२३ साली निघाला. १९३० साली ऑग्डेनने 'बेसिक इंग्लिश' ही आपली योजना मांडली. तीत एकंदर ८५० शब्द होते. त्यांत ६०० वस्तुवाचक, १५० गुणवाचक व १०० क्रिया आणि संबंध दर्शविणारे. या शंभरांत क्रियापदे अवघी अठरा. 'कम', 'गेट', 'गिव्ह', 'गो', 'कीप', 'लेट', 'मेक', 'पुट', 'सीम', 'टेक', 'बी', 'डू', 'हॅव', 'से', 'सी', 'सेंड', 'मे' व 'विल'. त्यांच्या जोडीला दिशावाचक अव्यये घेतली की इंग्रजीतील हजारो क्रियापदे अनावश्यक ठरतात, असा त्याचा दावा होता. 'एन्टर' नको, 'गो इन' पुरे. जहाजातून उतरण्यास लॅटिन कुळातील 'डिसएम्बार्क' नको, 'गेट ऑफ' पुरे.

वर ज्या दुहेरी थराचा उल्लेख केला त्यातील वरचा फ्रेंच-लॅटिन थर ऑग्डेनने उचलून बाजूस ठेवला व खालच्या थरावर सर्व भार टाकला, हे येथे उघड होते. त्याच्या मते 'पुट', 'टेक' इत्यादींचा एकेक मूलभूत, शरीराच्या हालचालीशी निगडित असा अर्थ आहे व इतर सर्व अर्थ त्यातून आपोआप उमगतात. या योजनेस मोठा राजाश्रयही लाभला. ६ सप्टेंबर १९४३ रोजी हार्वर्ड येथील भाषणात चर्चिलने तिचा पुरस्कार केला.

परंतु हिशेबात मोठी खोट होती. 'पुट', 'अप' व 'विथ' हे तिन्ही शब्द ८५० च्या यादीत आहेत. म्हणून 'पुट अप विथ', म्हणजे सोसणे, हा प्रयोग यादीच्या दृष्टीने फुकट मिळतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तो एक नवा शब्दच आहे. ठेवणे, वर व सह या तीन अर्थांची कितीही बेरीज केली तरी सोसणे हा अर्थ हाती येत नाही. शब्दांची संख्या कमी झाली, पण शिकावयाच्या अर्थांची झाली नाही. मायकेल वेस्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली टोरांटो येथून प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात बेसिकच्या या दाव्यांची कठोर छाननी केली आहे.

ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला खालचा थर सोपा व वरचा कठीण. परभाषकाचा अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो. 'टॉलरेट' म्हणजे सहन करणे हे मराठी विद्यार्थी एकदा शिकला की प्रश्न मिटतो. 'पुट अप विथ' त्याला प्रत्येक वेळी चकवितो, कारण त्यातील प्रत्येक घटक ओळखीचा वाटतो. ऑग्डेनने इंग्रजाच्या सोपेपणाचे माप जगाला लावले, हा त्याच्या योजनेतील मूलगामी दोष होय.

६

ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या १९२३ च्या ग्रंथालाच मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की याचे एक परिशिष्ट जोडलेले होते. शब्दाचा अर्थ ज्या प्रसंगात तो उच्चारला जातो त्यापासून अलग करता येत नाही, हे त्याचे प्रतिपाद्य. बेसिक इंग्लिशची प्रेरणा ज्या ग्रंथातून मिळाली त्याच ग्रंथात तिला छेद देणारा विचारही होता, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे. मॅलिनोव्स्कीचा हा विचार पुढे नेणारा जे. आर. फर्थ हा काही वर्षे लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. १९५१ साली त्याने शब्दांच्या सहवासातून निर्माण होणारा अर्थ ही स्वतंत्र कोटी मांडली, आणि १९५७ साली शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते हा सिद्धान्त निःसंदिग्ध शब्दांत सांगितला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सामान्य क्रियापदांच्या अर्थाचा नवा विचार मुख्यतः इंग्लंडबाहेर, परभाषक विद्यार्थ्यांच्या सहवासात घडला. हॅरल्ड पामर याने टोकियो येथे १९३३ साली इंग्रजी शब्दसंयोगांवरील अहवाल प्रसिद्ध केला. तेथेच ए. एस. हॉर्नबी व त्याच्या सहकाऱ्यांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी कोश सिद्ध केला. तो १९४२ साली जपानमध्ये निघाला व १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात क्रियापदाच्या अर्थाबरोबर त्याच्या वाक्यरचनेचे साचेही दिले होते. मायकेल वेस्ट हा डाक्का येथील अध्यापक विद्यालयात काम करीत होता. बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्याचा ग्रंथ १९२६ साली निघाला. १९५३ साली त्याने सुमारे दोन हजार शब्दांची सामान्योपयोगी सूची प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, शब्द किती वेळा येतो एवढेच न सांगता त्याचा प्रत्येक अर्थ शेकडा किती वेळा येतो हेही तीत दिले आहे. एखाद्या क्रियापदाचा कोणता अर्थ प्रथम शिकवावा हे इतिहासावरून वा तर्कावरून न ठरविता मोजणीवरून ठरवावे, हा त्यातील क्रांतिकारक विचार.

मोजणीतून आणखी एक नियम हाती आला. १९४५ साली जॉर्ज किंग्स्ली झिफ याने असे दाखविले की, शब्दाच्या अर्थांची संख्या सामान्यतः त्याच्या वापराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. शंभरपट अधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दाला साधारण दसपट अर्थ असतात. म्हणजे 'गेट' व 'टेक' यांची अनेकार्थता हा अपवाद नसून नियमच होय.

संगणकाच्या आगमनानंतर या विचाराने पुढचे पाऊल टाकले. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर याच्या नेतृत्वाखाली कोट्यवधी शब्दांचे प्रत्यक्ष इंग्रजी लेखन व भाषण संगणकात संकलित झाले आणि त्यावर आधारलेला कोश १९८७ साली निघाला. तेव्हा असे आढळले की, अतिपरिचित क्रियापदांच्या वापराचा मोठा भाग त्यांच्या 'मूळ' अर्थाचा नसतोच. 'टेक अ वॉक', 'हॅव अ लुक', 'मेक अ डिसिजन' अशा प्रयोगांत अर्थाचा भार नाम वाहते, क्रियापद केवळ व्याकरणाचे काम करते. अशा प्रयोगांतील क्रियापदांना डॅनिश वैयाकरण ऑटो येस्पर्सन याने १९४२ सालीच 'हलकी क्रियापदे' म्हटले होते. सिंक्लेअरच्या १९९१ च्या ग्रंथातील 'सेट इन' या जोडीचे विश्लेषण विशेष प्रसिद्ध आहे. या जोडीचे कर्ते तपासता बहुतेक सर्व अनिष्ट निघाले. कुजणे, रोग, निराशा, घबराट ही 'सेट इन' होतात, सुख क्वचितच होते. हा अनिष्टाचा भाव 'सेट'मध्ये नाही व 'इन'मध्येही नाही. कोणत्याही पूर्वीच्या कोशकारास तो नेमका टिपता आला नव्हता, कारण एका अवतरणात तो दिसतच नाही. शेकडो अवतरणे एकाखाली एक मांडली तरच तो नजरेस येतो.

७

भारतीय विद्यार्थ्यास या इतिहासातील वाद सर्वस्वी अपरिचित नाहीत. धातू अनेकार्थी असतात हे आपल्या वैयाकरणांनी गृहीतच धरले होते. उपसर्गांना स्वतंत्र अर्थ आहे की ते केवळ धातूतील अर्थ प्रकाशित करतात, यावर शाकटायन व गार्ग्य यांचा मतभेद यास्काने निरुक्तात नोंदविला आहे. आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार या मालिकेतील 'हृ' धातूचे कार्य आणि 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह अवे' यांतील 'गिव्ह'चे कार्य ही एकाच प्रश्नाची दोन रूपे होत. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी जी साधने गणली आहेत त्यांत साहचर्य, प्रकरण, औचित्य, देश, काल व इतर शब्दाचे सान्निध्य यांचा समावेश आहे. फर्थचा सहवास व मॅलिनोव्स्कीचा प्रसंग यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. अर्थात भर्तृहरीची दृष्टी वाक्यार्थाच्या तत्त्वज्ञानाची होती व सिंक्लेअरची मोजणीची. साम्य दाखविताना हा भेद पुसू नये.

मराठीपुरते पाहावयाचे तर 'रन'ला एकच मराठी प्रतिशब्द देता येत नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. घोडा धावतो, नदी वाहते, नाक गळते, यंत्र चालते, रंग पसरतो, उमेदवार निवडणुकीस उभा राहतो. इंग्रजी या सर्वांना एका क्रियापदात गोवते, मराठी त्यांची वाटणी करते. याउलट आपले 'लागणे' घ्यावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, दार लागते, मूल रडू लागते, मनुष्याला जावे लागते, आणि तो आपला मामाही लागतो. यांतील बहुतेकांस इंग्रजीत निराळे क्रियापद किंवा निराळी रचनाच हवी. परंतु मराठी मनुष्याला 'लागणे'चे बारा अर्थ पाठ करावे लागले नाहीत. त्याने भूक व ठेच यांच्यासह 'लागणे' उचलले. आपल्या भाषेत जे आपण सहज ओळखतो ते परभाषेत शिकताना मात्र विसरतो.

मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दाखाली मराठी प्रतिशब्दांची मालिका देण्याची त्याची रीत पुढील द्वैभाषिक कोशांतही चालू राहिली, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना वाक्यास वाक्य ठेवून इंग्रजी शिकविले. या दोन रीतींची तुलना उद्बोधक आहे. प्रतिशब्दांची मालिका वाचकास शक्यता दाखविते, परंतु निवड कशी करावी हे सांगत नाही. वाक्यास वाक्य ठेवले असता क्रियापद आपल्या सोबत्यांसह समोर येते. पाठमालेची पद्धत पुढे जुनी व यांत्रिक म्हणून मागे पडली हे खरे, पण या एका बाबतीत ती कोशापेक्षा सत्याच्या जवळ होती.

परिणाम उलट दिशेनेही होतो. पूर्वी निर्णय 'करीत', आज तो 'घेतला' जातो. या प्रयोगामागे इंग्रजीतील 'टेक'ची छाया आहे असे मत अनेकदा मांडले जाते. इंग्रजीत स्वतःचा अर्थ गमावून बसलेले हलके क्रियापद मराठीत आपल्या शब्दशः प्रतिशब्दाच्या रूपाने शिरते व तेथे पुन्हा नवा संसार थाटते. अशा प्रयोगांची कालक्रमाने नोंद घेणे हे मराठीच्या अभ्यासकांपुढील एक आवश्यक कार्य आहे. त्यावाचून कोणता प्रयोग देशी व कोणता अनुकृत, याविषयीचे निर्णय केवळ रुचीवर अवलंबून राहतील.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. जॉन्सनने अनेकार्थता हा भाषेचा दोष मानला, मरेने ती शब्दाची वंशावळ मानली, ऑग्डेनने ती एका मूळ अर्थाची सहज व्याप्ती मानली, आणि वेस्ट ते सिंक्लेअर या परंपरेने ती शब्दसंयोगांची व्यवस्था मानली. यांतील प्रत्येक उत्तर आपल्या प्रयोजनापुरते खरे आहे. मरेच्या पद्धतीवाचून 'टेक' व 'निमन्' यांची कथा कळली नसती. परंतु 'रन'चे ६४५ अर्थ हे विधान वाचताना ते अर्थ एखाद्या पेटीतील नगांप्रमाणे शब्दात भरून ठेवलेले आहेत अशी कल्पना करून घेणे चुकीचे ठरेल. ते ६४५ प्रकारचे सहवास आहेत, आणि कोशकाराने कोठे रेघ ओढावयाची यावर त्यांची संख्या अवलंबून आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट लहान पण महत्त्वाची आहे. 'टेक म्हणजे घेणे' ही नोंद विद्यार्थ्याच्या वहीतून काढून टाकण्याचे कारण नाही, तिने आरंभ होतो. मात्र ती पहिली नोंद आहे, पूर्ण नोंद नव्हे, हे त्याला त्याच दिवशी सांगितले पाहिजे. तिच्याखाली जागा मोकळी ठेवून पुढे जसजसे प्रयोग भेटतील तसतसे ते सोबत्यांसह, पूर्ण वाक्यात, उतरून घेण्याची सवय त्याला लागली तर पदवीपर्यंत पोहोचूनही 'सोप्या' क्रियापदांशी अडखळणारे विद्यार्थी आजच्या इतके आढळणार नाहीत. मराठी भाषकांसाठी इंग्रजी क्रियापदांचा असा संयोगप्रधान कोश, मराठीच्या अंगभूत विभागणीस अनुसरून, सिद्ध होणे अगत्याचे आहे. 'रन', 'सेट', 'टेक', 'गेट' व 'पुट' या पाच क्रियापदांपासून त्याचा आरंभ करता येईल.